बेटाडिन की क्लोरहेक्सिडिन? आधी पूर्ण लेबल वाचा

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण ऑपरेशन ठरलेल्यांनी वाचाच. आपल्या ग्रुपवर हमखास येणारा प्रश्न: "इथे यूकेत कातडीला क्लोरहेक्सिडिन लावतात, तिकडे अजून बेटाडिन. मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात नको का?" आणि खाली लगेच कोणीतरी २०१० च्या अमेरिकन अभ्यासाचे आकडे टाकतं. जखमेत संसर्ग क्लोरहेक्सिडिनला ९.५ टक्के, बेटाडिनला १६.१.

मी डॉक्टर नाही, सीए आहे. पण आकडे ताडून बघणं हा माझा रोजचा धंदा. त्या अभ्यासात क्लोरहेक्सिडिन अल्कोहोलमधलं होतं आणि पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे आपलं बेटाडिन, पाण्यातलं. अल्कोहोल स्वतःच जंतू मारतं. मग फरक कोणाच्या खात्यात जमा करायचा? अशा ताळेबंदावर मी तरी सही करणार नाही.

पुढे दोन्ही औषधं अल्कोहोलमधली घेऊन तुलना झाली. २०१६ मध्ये सिझेरियनला क्लोरहेक्सिडिन सरस ठरलं, ४.० विरुद्ध ७.३ टक्के. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडात हृदय आणि पोटाच्या शस्त्रक्रियांत जवळपास बरोबरी (५.५ आणि ५.१). त्याच वर्षी बंद फ्रॅक्चरमध्ये आयोडीनवालं पुढे! डब्ल्यूएचओ आणि इथली नाइस संस्था अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडिनला पहिली पसंती देतात, ते ठीकच आहे. पण म्हणून तांबडे डाग दिसले की हॉस्पिटल मागासलेलं, हे मला अजिबात पटत नाही. डोळ्याजवळ तर अल्कोहोल-क्लोरहेक्सिडिन चालतच नाही, तिथे पाण्यातलं आयोडीनच लागतं.

त्यामुळे इथे असो की पुण्यात, नावावरून वाद घालू नका. दोन गोष्टी विचारा: अल्कोहोलमधलं आहे का, आणि ते पूर्ण सुकू देता ना? ओलं असताना विजेच्या उपकरणाची ठिणगी पडली तर पेट घेऊ शकतं.

अ‍ॅलर्जीचंही नीट सांगा. कोळंबीची अ‍ॅलर्जी म्हणजे आयोडीनची अ‍ॅलर्जी नव्हे, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. उलट क्लोरहेक्सिडिनची अ‍ॅलर्जी क्वचित होते, पण जिवावर बेतू शकते. काही माउथवॉशमध्येही ते असतं. त्याने कधी पुरळ उठलं, घसा सुजला, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालाच.

आणि हो, पोरांना पार्कात खरचटलं तर एनएचएस म्हणतं नळाखाली धुवा, अँटिसेप्टिक नको. आमच्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही, त्यांची डेटॉलची बाटली बेसिनखाली तयार असते.