साहेबाचं नागरिकशास्त्र

शाळेत नागरिकशास्त्र हा विषय इतिहासाच्या शेपटाला बांधलेला असे. पेपर संपला की तो विसरून जाणं, हाच त्यातला पहिला नागरी हक्क! साहेबानं मात्र हा विषय फारच मनावर घेतलाय.

कामाच्या व्हिसावर ब्रिटनला गेलेल्या इंजिनिअरला, नर्सला तिथं कायमचा मुक्काम करायचा असेल, तर ‘लाइफ इन द यूके’ नावाची परीक्षा द्यावी लागते. नागरिकत्वासाठी ती २००५ साली आली, कायमच्या मुक्कामासाठी २००७ साली. प्रश्न २४, मिनिटं ४५, बरोबर हवेत १८. फी ५० पौंड. नापास झालात, की पुन्हा ५०!

इंग्रजी आलंच पाहिजे, ही अट मला शंभर टक्के मान्य. पेशंट ‘छातीत दुखतंय’ म्हणाला आणि नर्सनं गुडघ्याला मलम चोळलं तर कसं चालेल? माझं भांडण आहे ते परीक्षेच्या पुस्तकाशी.

त्यात आठव्या हेन्रीच्या सहा बायका आहेत. एकीचा घटस्फोट, दुसरीचा शिरच्छेद, सगळं यथासांग. त्यात आपला दीन मोहम्मदही आहे. या गृहस्थानं १७८६ साली आयरिश मुलीबरोबर पळून जाऊन लग्न केलं आणि १८१० साली लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ब्रिटनमधलं पहिलं करीचं हॉटेल काढलं. म्हणजे आपल्याच माणसानं साहेबाला करी खाऊ घातली, आणि आता आपल्याच माणसानं तिची तारीख साहेबाला घडाघडा म्हणून दाखवायची!

पूर्वीच्या पुस्तकात पाण्याचं मीटर, गाड्यांचं वेळापत्रक असल्या संसारी गोष्टी होत्या. २०१३ च्या आवृत्तीत त्या क्षुल्लक म्हणून काढल्या आणि इतिहास वाढवला. आता मला सांगा, महिनाअखेरीला बिल कोणाचं येतं? पाण्याचं की हेन्रीचं? खुद्द हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीनं २०२२ साली या पुस्तकावर ताशेरे ओढले.

कुणी म्हणेल, ज्या देशात राहायचं त्याचा इतिहास नको का कळायला? हवा की! पण तो चार लोकांत राहून कळतो. चार पर्यायांपैकी एकावर खूण करून कळते ती फक्त खूण.

आम्ही बँकवाले कर्ज देताना गिऱ्हाइकाला पानिपतची सनावळी विचारत नाही. त्याचं खातं बघतो. हप्ते वेळेवर आले का? चेक परत गेला का? बस्स! वर्षानुवर्षं पगारातून कर कापू देणारा, भाडं वेळेवर भरणारा, रात्रपाळीत दुसऱ्याची आजी सांभाळणारा माणूस नागरिकशास्त्राचं प्रॅक्टिकल कधीच पास झालाय. साहेबा, त्याचं पासबुक उघडून बघ. हेन्रीच्या बायका तुझ्या तू सांभाळ!