सूचीतला दर आणि हातातला पाना

सरकारी खरेदी हा विषय आपल्या शाखांच्या बैठकीत सहसा निघत नाही. बढती, बदली, क्वार्टर्स, महागाई भत्ता आणि पेन्शन यांतच वेळ संपतो. माल कोठून आला, कोणी मागवला आणि कोणत्या दराने मागवला, हा साहेबांचा व स्टोअर्सचा प्रश्न म्हणून आपण सोडून देतो. मात्र तोच माल शेवटी आपल्या हातात येतो. की-मनच्या खांद्यावरचा पाना, गँगला मिळणारा रेनकोट, आर.एम.एस.मधली मेल बॅग, पोस्टमनच्या गळ्यातली थैली, हे सारे कोणीतरी, कोठेतरी निवडलेले असते. ही निवड आता बहुतांशी संगणकाच्या पडद्यावर, एका इलेक्ट्रॉनिक सूचीतून होते. या सूचीकडे कामगार संघटनेने डोळेझाक करून चालणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सूची ही काही नवी गोष्ट नव्हे. रेल्वेतल्या जुन्या माणसांना आठ आकडी पी. एल. नंबर तोंडपाठ असत. पहिले दोन आकडे मुख्य गटाचे, पुढचे दोन उपगटाचे, मग वस्तूचा अनुक्रमांक आणि शेवटचा आकडा पडताळ्याचा, म्हणजे लिहिताना एखादा अंक चुकला तर तो तेथेच पकडला जावा. करी रोडच्या किंवा महालक्ष्मीच्या डेपोत उभे आयुष्य काढलेल्या वॉर्डातल्या माणसाला नंबर सांगितला की त्याचा हात नेमका त्या फळीवर जाई. नंबरामागे ड्रॉइंग होते, स्पेसिफिकेशन होते, लेजर होते. आणि ‘गेल्या लॉटचा माल मऊ निघाला, हा नीट बघून घ्या’ असे सांगणारा तो माणूसही होता. हे शेवटचे ज्ञान मात्र कोणत्याही लेजरात लिहिलेले नव्हते.

रेल्वेचे जसे पी. एल. नंबर, तसे साऱ्या केंद्रीय खात्यांसाठी पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय, म्हणजे आपल्या बोलीतले ‘डी.जी.एस. अँड डी.’ होते. १९२२ सालच्या इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंटचा वारसा सांगणारे हे खाते दर करार करी आणि त्या दराने खाती माल उचलीत. ९ ऑगस्ट २०१६ रोजी ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’, म्हणजे ‘जेम’ सुरू झाले. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम १४९ ने, जो माल अथवा सेवा जेमवर उपलब्ध आहे ती तेथूनच घेणे खात्यांना बंधनकारक केले. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी डी.जी.एस. अँड डी.ला कुलूप लागले. पहिल्या वर्षी ४२२ कोटी रुपयांची उलाढाल करणारी ही बाजारपेठ २०२३-२४ या वर्षी ४ लाख कोटींच्या पुढे गेली. गाडीच्या सुरक्षिततेशी थेट संबंध असलेले सुटे भाग आजही आर.डी.एस.ओ.ने मान्य केलेल्या पुरवठादारांकडून, रेल्वेच्या स्वतःच्या ‘आय.आर.ई.पी.एस.’ या ई-निविदा प्रणालीने घेतले जातात. पण रोजच्या वापराचा माल मोठ्या प्रमाणावर या नव्या बाजारातूनच येतो.

जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याची आम्हाला हौस नाही. दर कराराच्या काळातली टक्केवारी, ठराविक चार पुरवठादार आणि महिनोन्‌महिने अडकलेली बिले कामगारांनी जवळून पाहिली आहेत. आज कोणत्या कार्यालयाने कोणती वस्तू किती रुपयांना घेतली हे लपवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. इचलकरंजीचा लहान कारखानदार मध्यस्थाशिवाय आपला माल सूचीत मांडू शकतो. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के खरेदी करावी, हे सरकारी धोरणही त्याच्या बाजूने आहे. संगणक आला म्हणून छाती पिटण्याचे दिवस गेले. प्रश्न संगणकाचा नाहीच. सूचीत काय लिहायचे हे कोण ठरवतो, हा प्रश्न आहे.

खरेदीच्या पायऱ्या पाहिल्या की हे ध्यानात येईल. २०१९ साली दुरुस्त झालेल्या नियमांत २५ हजार रुपयांपर्यंत सूचीतल्या कोणत्याही पुरवठादाराकडून थेट खरेदीची मुभा होती. त्यापुढे ५ लाखांपर्यंत किमान तीन उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत स्वस्त घ्यायचा, आणि त्यावरच्या रकमेला बोली किंवा उलटा लिलाव. पुढे या रकमा वाढवण्यात आल्या, पायऱ्या त्याच राहिल्या. यातली मेख अशी की तुलना होते ती नोंदलेल्या गुणांचीच. खरेदी करणारा अधिकारी पडद्यावर काही गुण निवडतो, त्या चाळणीतून जो माल खाली पडतो तो सगळा सारखाच चांगला मानला जातो, आणि मग उरते फक्त किंमत. जो गुण चाळणीत घातला नाही, तो त्या मालात असला काय आणि नसला काय, हिशेबात त्याचे मोल शून्य.

रेनकोटाचेच उदाहरण घेऊ. सूचीत कापड कोणते, वजन किती, रंग कोणता, मापे कोणती, टोपी आहे की नाही, हे सारे लिहिता येते. ‘टोपी : आहे’ एवढ्यावर काम भागते. पण ठाणे-कल्याणच्या दरम्यान जुलैच्या पावसात रुळावर उभ्या असलेल्या ट्रॅकमनला विचारा. ती टोपी कान झाकते का? मान वळवली की टोपी डोक्याबरोबर वळते, की डोळ्यांसमोर येऊन एका बाजूची लाइन दिसेनाशी करते? पावसाचा आवाज, शेजारच्या लाइनवरून धडधडत जाणारी लोकल आणि त्यात मागून येणारी दुसरी गाडी, अशा वेळी कान आणि डोळा हीच त्याची खरी संरक्षक साधने असतात. कचेरीतून बसस्टॉपपर्यंत जाणाऱ्याच्या दृष्टीने उत्तम असलेला रेनकोट रुळावर जिवावर बेतू शकतो. सूचीच्या चाळणीला हे दोन्ही रेनकोट एकच दिसतात, आणि त्यातला जो स्वस्त तो येतो.

बुटांचेही तसेच. सुरक्षा बुटांसाठी आय.एस. १५२९८ हे भारतीय मानक आहे. ते मागणीत लिहिले तर पायाच्या बोटांवरची टोपी किती मार सोसते याची चाचणी झालेला बूट मागता येतो, न लिहिले तर ‘काळा, चामडी, जाड तळव्याचा’ एवढ्या वर्णनाचा कोणताही बूट चालतो. पोस्टमनच्या थैलीत पत्रे कमी झाली आणि पार्सले वाढली हे साऱ्या देशाला दिसते, थैलीचा पट्टा मात्र अजूनही लांबीनेच मोजला जातो. खांद्यावर तो किती रुंद टेकतो, हे कोणी विचारीत नाही.

येथे एक गोष्ट आमच्या सभासदांनी लक्षात घ्यावी. कामे व सेवा यांच्या बाबतीत, निवडीत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची काही प्रमाणात मुभा वित्त मंत्रालयाच्या २०२१ च्या सूचनांनी दिली. मालाच्या खरेदीला तो दरवाजा उघडा नाही. तेथे गुणवत्तेला शिरायला एकच वाट आहे, ती म्हणजे मागणीपत्रात अगोदरच लिहिलेले वर्णन. बोली उघडल्यावर ‘हा माल वाईट आहे हो’ म्हणून ओरड करण्यात काही हशील नसते. वर्णन पक्के असेल, बोलीत नमुना मागण्याची अट घातली असेल, तरच निकृष्ट माल बाहेर राहतो.

दुसरी अडचण माल आल्यानंतरची. पूर्वी आर-नोट निघण्यास उशीर होई आणि पुरवठादार खेटे घालीत. आता माल पोचल्यापासून दहा दिवसांत स्वीकृतीचा दाखला द्यावा लागतो, आणि दहा दिवस कोणी काहीच नोंदवले नाही तर माल स्वीकारला असे प्रणालीच धरून चालते. लहान कारखानदाराचे पैसे वेळेवर सुटावेत हा त्यामागचा हेतू योग्यच आहे, आणि त्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसलेल्या बाईचा पगारही त्यावरच अवलंबून असतो. पण ज्या डेपोत चार माणसांचे काम एक माणूस करतो, जेथे रिक्त जागा भरायच्या नाहीत असे वरून ठरलेले आहे, तेथे दहा दिवसांत खोकी उघडून, मोजून, तपासून होणार कशी? मग खोकी तशीच स्वीकारली जातात. पुढे माल खराब निघाला की चौकशी होते ती डिजिटल सही ज्याची आहे त्या कर्मचाऱ्याची. जागा रद्द करणाऱ्याची सही कोठेच नसते.

आतापर्यंत आम्ही वस्तूंबद्दल बोललो. पण या बाजारात २०२३-२४ साली झालेल्या उलाढालीत जवळजवळ निम्मा वाटा सेवांचा होता, आणि त्या सेवांत ‘मनुष्यबळ’ नावाचा एक वर्ग आहे. खुर्ची निवडताना जशा चौकटी भरायच्या तशाच येथेही भरायच्या : कुशल की अकुशल, शिक्षण किती, अनुभव किती, जिल्हा कोणता, नग किती. ‘नग’ हा शब्द आमचा आहे, सूचीत ‘संख्या’ म्हटले आहे. फरक फारसा नाही.

किमान वेतनाचा दर ठरलेला असल्यामुळे ठेकेदार बोली लावतात ती आपल्या सेवाशुल्कावर. चढाओढीत हे शुल्क शून्याच्या जवळ जाऊ लागले, तेव्हा २०२३ साली सरकारने खरेदीदारांसाठी ३.८५ टक्क्यांचा किमान दर पुढे केला. त्याचा परिणाम काय व्हायचा तो झाला. बहुतेक सारे ठेकेदार त्याच आकड्यावर येऊन थांबतात आणि त्यांतला एक प्रणालीच चिठ्ठी टाकल्यासारखा निवडते. करकपात आणि इतर आकारणी वजा जाता त्या टक्क्यांत ठेकेदाराच्या हाती फारसे काही उरत नाही. तरीही बोली लावायला रांग लागते. कोणीही पदरमोड करून सरकारची सेवा करायला येत नाही, तेव्हा नफा निघतो कोठून? भविष्यनिर्वाह निधीचा न भरलेला हिस्सा, बँकेत जमा झालेल्या पगारातून रोखीने परत घेतलेली रक्कम, नोकरी लावण्यासाठी आगाऊ घेतलेले पैसे, या तक्रारी कंत्राटी कामगारांच्या तोंडून आपण सर्वांनीच ऐकल्या आहेत. खाउजा धोरणाच्या आरंभी आपण जे भय बोलून दाखवीत होतो, ते आज सूचीतल्या एका ओळीत मावते.

कायदा मात्र अगदीच हात वर करीत नाही. ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते मुख्य मालकाने द्यावे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांतही ते राहिले आहे. मुख्य मालक म्हणजे येथे रेल्वे, टपाल खाते. पडद्यावर बटण दाबून माणसे मागवली म्हणून हे नाते तुटत नाही. त्या कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीचे चलन आणि वेतनाचा पुरावा पाहिल्याखेरीज ठेकेदाराचे बिल मंजूर करू नये, ही मागणी करण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, कारण तो आपल्याच शेजारी, आपलेच काम, आपल्या वेतनाच्या एका तुकड्यावर करतो आहे.

तेव्हा शाखांनी काय करावे? रेल्वेत १९५२ पासून पी.एन.एम. आहे, टपालात विभागीय अधीक्षकांबरोबरच्या बैठका आहेत. संरक्षक साधने आणि हत्यारे यांच्या मागणीचे वर्णन कायम करण्याआधी ते वापरणाऱ्यांना दाखवावे, हा विषय तेथे लेखी द्यावा. वर्णन साहेबांच्या टेबलावर लिहिले जाते तेव्हा की-मन, पोस्टमन, सॉर्टिंग असिस्टंट यांच्यातला एकेक जण तेथे बसला पाहिजे. नमुना मागवला तर तो आठवडाभर प्रत्यक्ष कामावर वापरून पाहावा, कपाटात ठेवू नये. स्वीकृतीच्या दहा दिवसांसाठी डेपोत पुरेशी माणसे नसतील तर तेही लेखी कळवावे, म्हणजे उद्या चौकशी आलीच तर तो कागद त्या कर्मचाऱ्याच्या बाजूने उभा राहील. जबलपूर, हुबळी, सिकंदराबाद, सुरत येथे विखुरलेल्या आपल्या मराठी साथींनी आपापल्या झोनमध्ये कोणत्या वर्णनाने कोणता माल आला हे एकमेकांना कळवले, तर एका झोनने परत पाठवलेला बूट दुसऱ्या झोनमध्ये कोणाच्या पायात चढणार नाही. त्यासाठी माल नाकारल्याच्या प्रत्येक नोंदीची एक प्रत, दिनांक आणि कारणासह, शाखेच्या दप्तरात ठेवण्यास याच महिन्यापासून सुरुवात करावी.