मनाचा एकतर्फी हुकूमनामा

ता. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी, ऐन बाजाराच्या दिवशी, पाच निरपराध भिक्षेकऱ्यांस जमावाने ठार मारले. हे लोक नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून त्या मुलखात आधीच पसरली होती. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, असे वृत्त त्या वेळी आले, आणि तेवढा पुरावा पाच जिवांस पुरला. याला ‘अडाण्यांचा अविचार’ असे नाव देऊन आम्ही सुशिक्षित मोकळे झालो. आम्हांस हे नाव मान्य नाही. ज्या वाटेने तो जमाव गेला त्याच वाटेने आपण रोज जातो; आपल्या हाती काठी नसते, इतकेच.

इंग्लंडात पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1960 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने 29 विद्यार्थ्यांस 2, 4, 6 हे आकडे देऊन सांगितले की, यांच्यामागे एक नियम आहे. तुम्ही असेच तीन-तीन आकडे सुचवा, ते नियमात बसतात की नाही हे मी सांगेन. खात्री पटली म्हणजे नियम बोला. दोन-दोनांनी वाढणाऱ्या संख्या, अशी मनाशी गाठ मारली की माणूस 8, 10, 12 विचारतो, होकार येतो. 20, 22, 24 विचारतो, पुन्हा होकार! खरा नियम एवढाच होता की, आकडे चढते असावेत. 1, 2, 50 असे एकदाच विचारले असते तर भ्रम फिटता. परंतु आपली समजूत जेथे मोडेल तेथे हात घालण्याची बुद्धीच होत नाही. पहिल्याच उत्तरास बरोबर नियम सांगणारे अवघे 6 निघाले.

प्रतिवादी गैरहजर असता होणाऱ्या निकालास कोर्टात एकतर्फी हुकूमनामा म्हणतात, आणि सबळ कारण दाखविल्यास तो रद्द करण्याची तजवीजही कायद्यात आहे. मनाच्या कचेरीत ती नाही. तेथे वादी आपण, वकील आपण आणि न्यायाधीशही आपणच! भिक्षेकरी मुलीशी बोलतो आणि मुले पळविणाराही बोलतो. जी गोष्ट दोन्ही पक्षांस सारखीच लागू पडते ती कोणाचाच पुरावा नव्हे. हे कोर्टात कोणताही नवशिका वकील सांगेल, पण घरी येताच विसरेल. संपादकही यातून सुटलेले नाहीत. आमच्या मताची पत्रे आम्हांस नेहमीच अधिक सुवाच्य वाटतात.

व्यापारी वाचक म्हणतील, आमचा येथे काय संबंध? अमुक जातीचा माणूस उधारी बुडवितो, असे म्हणणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत. बुडविणारा एक जन्मभर स्मरणात राहतो. फेडणारे दहा वहीत निमूट पडून असतात. पुढे त्या जातीस उधारी देणेच बंद होते, आणि मग समजूत खोटी ठरविणारा पुरावा जन्मासच येत नाही! अस्पृश्यतेचे किल्ले बव्हंशी अशाच पुराव्याच्या अभावावर उभे राहिले.

हा दोष नुसता कळल्याने जात नाही. चार्लस डार्विन याने आत्मचरित्रात नमूद केले आहे की, आपल्या सिद्धांताविरुद्ध काही आढळले की तो ते तत्काळ टिपून ठेवी. कारण प्रतिकूल गोष्टी अनुकूल गोष्टींहून लवकर विसरतात, असा त्यास अनुभव होता. एवढ्या मोठ्या बुद्धीस स्वतःच्या स्मरणशक्तीचा भरवसा वाटला नाही. आमच्या दुकानदारांपाशी तर टिपण तयारच आहे. येत्या दिवाळीच्या पाडव्यास नवी वही घालण्यापूर्वी त्यांनी जुनी एकदा उघडावी, ज्या लोकांस आपण नालायक ठरविले त्यांपैकी किती जणांनी पैसे वेळेवर फेडले ते मोजावे, आणि आपल्याच भाऊबंदांकडे काय येणे थकले आहे तेही त्याच कागदावर शेजारी मांडावे.