सोने कोणाचे, लूट कोणाची?

दसरा तोंडावर आला आहे. नऊ रात्री गरब्याने जागवून दहाव्या दिवशी वडोदऱ्यातली आपली गुजराती शेजारी मंडळी फाफडा-जिलेबीच्या दुकानांपुढे रांगा लावतील. रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या आपल्या जुन्या घरांतली मुले आपट्याची पाने घेऊन थोरामोठ्यांच्या पाया पडायला निघतील. पण हल्लीची मुले आपल्यासारखी गप्प बसत नाहीत. ती विचारतात, "आजोबा, सोने 'वाटायचे' का नाही? 'लुटायचे' का?"

या प्रश्नाला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक रघुराजा आणि कौत्साचे, दुसरे मराठ्यांच्या सीमोल्लंघनाचे. दोन्ही आपण लहानपणी ऐकली आणि तशीच पुढे दिली. या अंकाच्या निमित्ताने ती दोन्ही एकदा तपासून पाहावीत असे आम्हांस वाटते.

पहिली कथा कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मागायला येतो. यज्ञात सर्वस्व दान करून बसलेला रघू कुबेरावर चालून जायची तयारी करतो आणि त्याच रात्री सोन्याचा पाऊस पडतो. मात्र हा पाऊस कालिदासाने राजाच्या कोशागारात पाडला आहे. तिथे आपट्याचे झाड नाही आणि लूटही नाही. ती जोड लोकांनी मागाहून दिली. मूळ कथेचा गाभा वेगळाच आहे. राजा म्हणतो सगळे ने, आणि कौत्स म्हणतो गुरूला देणे आहे त्याहून एक कवडी जास्त नको. अयोध्येच्या लोकांनी कौतुक केले ते या दोघांचे. म्हणजे ज्या कथेचा आधार घेऊन आपण 'लुटतो', ती कथा हक्कापेक्षा जास्त न घेणाऱ्याची आहे!

आता दुसरे उत्तर. पाऊस सरतो, नद्या उतरतात, चारा-धान्य तयार होते, घोडदौड करता येते. म्हणून दसऱ्याला फौजा शिलंगण करून मुलुखगिरीवर निघत आणि पुढच्या पावसाळ्याआधी परतत. हे खरेच आहे. पण फौज निघाली ती पोचली कुठे, हे आपण मुलांना सांगत नाही. वडोदऱ्याच्या मुलांना तर ते सांगायलाच हवे, कारण फौज पोचली ती इथेच.

सुरत घ्या. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० अशी दोनदा शिवाजी महाराजांनी ती लुटली. का लुटली हे मुलांना नीट सांगता येते. शाइस्ताखान तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून बसला होता, स्वराज्याचा मुलूख उजाड झाला होता, आणि सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. फादर अँब्रोज या कॅपुचिन पाद्र्यांच्या मठाला आणि एका दिवंगत दानशूर दलालाच्या घराला महाराजांनी हात लावू दिला नाही, असे बर्निये हा फ्रेंच प्रवासी लिहितो, तेही सांगावे. पण शहर जळाले आणि वीरजी व्होरासारख्या जैन व्यापाऱ्याची घरे-वखारी रिकामी झाल्या, हेही त्याच गोष्टीत आहे. वर्गात शेजारी बसणाऱ्या सुरती मुलाच्या घरी गोष्ट इथूनच सुरू होत असेल.

पुढे १७१९ मध्ये बादशाही सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी छत्रपती शाहूंना मिळाली. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे वर शेकडा दहा. गुजरात त्या सहा सुभ्यांत नव्हता. इथली वसुली आधी तलवारीने झाली, कागद मागाहून आले. १७२५ मध्ये मराठी फौजा अहमदाबादच्या वेशीशी आल्या तेव्हा नगरशेठ खुशालचंदांनी पदरचे पैसे भरून शहर लुटीपासून वाचवले. कृतज्ञ व्यापाऱ्यांनी शहरातल्या मालावर शेकडा चार आणे त्यांच्या घराण्याला लावून दिले. त्या व्यापाऱ्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. आपल्या शिलंगणाची ही दुसरी बाजू अहमदाबादकरांना ठाऊक आहे.

आणि लढाई नेहमी 'आपण विरुद्ध परके' अशीच होती का? इथून जवळच्या डभोईच्या परिसरात १ एप्रिल १७३१ रोजी पहिल्या बाजीरावांची फौज आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची फौज एकमेकांवर तुटून पडली. सेनापती मारले गेले. पिलाजी गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने लढत होते. भांडण होते ते गुजरातच्या वसुलीचे. मराठ्यांनी मराठ्यांना मारले ते रणांगण आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. डभोईचा किल्ला पाहायला आपण मुलांना नेतो आणि हिरा भागोळीपुढे फोटो काढून परत येतो.

दूरचीही दोन उदाहरणे. 'बारगीर' म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, साधा मराठी शब्द. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर वरचेवर गेल्या आणि त्या शब्दाचे बंगालीत 'बर्गी' झाले. त्या नावाच्या धाकावर मुलांना निजवणारे अंगाईगीत बंगाली आया आजही गातात. १७९१ मध्ये पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. नवरात्रात आपण जिची पूजा मांडतो त्या शारदेचे ते पीठ.

यावर दोन आक्षेप येणार हे आम्हांस ठाऊक आहे. पहिला असा की, त्या काळी सगळेच लुटत होते, मग मराठ्यांनाच का बोल लावायचा? सगळेच लुटत होते हे बरोबर. मग मुलांना तसेच सांगा. बाकीचे लुटारू आणि आमचे तेवढे मुक्तिदाते, असे सांगू नका.

दुसरा आक्षेप जास्त कळकळीचा आहे. आपण इथे मूठभर. आपणच हे बोललो तर दुसऱ्याच्या हाती कोलीत नाही का दिले? आमचे म्हणणे उलट आहे. 'आम्ही इथे राज्य केले' हा एकच दाखला छातीवर लावून जो हिंडतो, तोच कोलीत देतो, कारण त्यावर 'केले असेल, आता नाही' एवढेच उत्तर पुरते. ते राज्य १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. आपला इथला हक्क तलवारीवर उभा नाही. तो अडीचशे-तीनशे वर्षांच्या शेजारावर उभा आहे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले, त्या शाळांत शिकवलेल्या आणि शिकलेल्या पिढ्यांवर उभा आहे. ज्याने शेजाऱ्याची आठवण ऐकून घेतली, त्याला शेजारीही आपला म्हणतो.

तपासल्याने थोरवी कमी होते ही भीतीही खोटी आहे. शिवजयंतीचा उत्सव ज्यांनी गाजवला त्या लोकमान्य टिळकांनीच १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि तिने महाराजांचे रूढ जन्मवर्ष १६२७ खोडून १६३० पुढे आणले. महाराज त्यामुळे लहान झाले काय? 'मराठी रियासत' लिहिणारे गोविंद सखाराम सरदेसाई याच वडोदऱ्यात राजपुत्रांना शिकवत होते, आणि त्या शिकवण्यातूनच रियासतीचे काम उभे राहिले. राजपुत्रांच्या शिक्षकाने जे कष्ट घेतले, ते आपल्या नातवंडांसाठी आपण का घेऊ नयेत?

आणखी एक गोष्ट आपल्या दसऱ्याच्या व्याख्यानात कधी येत नाही. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला या शहरात आले. त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी म्हणून एका पारशी धर्मशाळेत उतरावे लागले आणि ओळख कळताच तिथूनही हाकलले गेले. तेव्हा या शहरात मराठी घरे थोडी नव्हती. त्यांतले एकही दार उघडले नाही. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तो दिवस विजयादशमीचाच होता. लाखो मराठी माणसांचा दसरा तेव्हापासून त्या सीमोल्लंघनाचा आहे. तो आपल्याही मुलांना माहीत असायला नको का?

म्हणून यंदाच्या दसरा संमेलनासाठी आमची सूचना साधी आहे. पोवाडा होऊ द्या, लेझीम होऊ द्या. त्यानंतर अर्धा तास मुलांसाठी ठेवा. त्यांनी सुरतेची, डभोईची, १९१७ ची गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी. एखाद्या गुजराती शेजाऱ्याला बोलवा आणि त्याच्या घरी मराठ्यांविषयी काय सांगतात ते विचारा. ज्यांच्या माळ्यावर मोडीतली जुनी दप्तरे वाळवी खात पडली आहेत त्यांनी ती खाली काढून जाणकाराकडून वाचून घ्यावीत. घराण्याची बखर एक सांगते आणि सनदेवरची तारीख दुसरे, असे बऱ्याचदा निघते.

आपट्याचे पान मुलांच्या हातावर ठेवताना 'सोन्यासारखे राहा' हा आशीर्वाद आपण देतोच. सोने कसाला लावल्याशिवाय घेत नाहीत, हेही त्यांना याच दिवशी सांगावे.