फुकट तिकिटाची खतावणी

आम्ही बीदर जिल्ह्यातले लोक विमाने रोज पाहतो. हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे असल्यामुळे सकाळचा तास रंगात आला की डोक्यावरून हॉक विमान जाते आणि सरांना वाक्य अर्ध्यावर थांबवावे लागते. 'सूर्यकिरण'च्या कसरती तर आमच्यापैकी कित्येकांनी गच्चीवरून पाहिल्या आहेत. परंतु विमान पाहणे वेगळे आणि त्यात बसणे वेगळे. कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाला, बीदरहून बंगळूरची प्रवासी सेवा ७ फेब्रुवारी २०२० रोजी. पुढे बीदरची सेवा कधी बंद, कधी चालू अशी राहिली. परदेशी जायचे तर आमची माणसे अजूनही बसने हैदराबाद गाठतात, नाहीतर रेल्वेने मुंबई. अशा मुलखातली माझी काकू गेल्या वर्षी मुंबईहून लंडनला विमानात चक्क आडवी झोपून गेली आणि तिच्या तिकिटाला, तिच्याच शब्दांत, "एक पैसा पडला नाही."

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. नावे आणि जमा या दोन बाजू जुळल्याखेरीज आम्हांला झोप येत नाही, असे आमचे सर म्हणतात. काकूच्या त्या पैशाची दुसरी बाजू शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी काकूची बाजू सांगतो, कारण ती खरी आहे. तिला गुडघ्याचे दुखणे आहे. तिची मुलगी लंडनला असते. नात दोन वर्षांची झाली तरी काकूने तिला फोनवरच पाहिले होते. नऊ-दहा तास पाय मुडपून बसणे तिला शक्य नव्हते. पुण्याला संगणक कंपनीत नोकरीस असलेल्या दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, तीन वर्षे क्रेडिट कार्डाचे पॉइंट साठवले आणि स्वतः, वहिनी, मुलगा व काकू अशा चौघांची तिकिटे बिझनेस क्लासमध्ये काढली. जाताना बिझनेस, येताना साधा वर्ग. कारण पॉइंट संपले. परत आल्यावर काकूने ती खुर्ची कशी सपाट होते हे आमच्या ओसरीवर आडवे होऊन दाखवले. हे मी कुचेष्टेने लिहीत नाही. तिला इतकी खूश मी पूर्वी पाहिली नव्हती.

ज्यांना हा व्यवहार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. दादाच्या कार्डावर दीडशे रुपये खर्चले की पाच पॉइंट मिळतात. काही खास खरेदीवर त्याच्या कैक पट. पॉइंट देऊन मिक्सर किंवा घड्याळ घेता येते, पण जाणते लोक तसे करीत नाहीत. ते पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवतात. तेथे साध्या वर्गाचे तिकीट काढले तर पॉइंटाला जेमतेम रुपया पडतो, वरच्या वर्गाचे काढले तर दोन रुपये किंवा अधिकही. कारण रोखीने वरच्या वर्गाचे भाडे साध्याच्या चार-पाचपट असते, पॉइंट मात्र दुप्पट-अडीचपटच मागतात. रिकामी गेलेली खुर्ची दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, म्हणून कंपनीलाही ते परवडते. मात्र अशा जागा मोजक्याच असतात, आणि एका कुटुंबाच्या चार जागा एकाच विमानात मिळणे म्हणजे दिवाळीत पुण्याहून येताना खिडकीची जागा मिळण्यासारखे. दादा जवळजवळ वर्षभर आधी रात्री बारा वाजता संगणकापुढे बसला होता. शिवाय कर व इतर आकार रोखीनेच भरावे लागतात. ते त्याने भरले आणि काकूला सांगितले नाही. तेव्हा 'एक पैसा पडला नाही' हे विधान पहिल्या नोंदीतच चुकते.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपल्या नेहमीच्या प्रवाशांचे मैल मोजण्यास सुरुवात केली. आपल्याकडे सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड काढले. २०२४ च्या आरंभी देशातील अशा कार्डांची संख्या दहा कोटींच्या वर गेली. एअर इंडियाची योजना २०२५ मध्ये 'महाराजा क्लब' या नावाने नवी झाली; म्हणजे १९४६ साली जन्मलेला तो मिशाळ महाराजा आता लोकांचे पॉइंट मोजत बसला आहे.

आता आमच्या घरातील गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न ठरले. आमचे कमलनगरला किराणा दुकान आहे, आणि सोने घ्यायचे तर सीमा ओलांडून उदगीरला जाण्याचा आमच्याकडे रिवाज आहे. सहा लाखांचे दागिने ठरले. दादाचा फोन आला : "अप्पा, दागिने माझ्या कार्डावर घ्या. तुम्ही माझ्या खात्यात पैसे भरा. तुमचे काही जात नाही, मला वीस हजार पॉइंट मिळतात." अप्पांना त्यात काही गैर दिसले नाही. आम्ही कार्ड घेऊन गेलो. सराफ म्हणाला, "कार्ड चालेल. वर दोन टक्के लागतील."

दोन टक्के म्हणजे बारा हजार. अप्पांनी विचारले, "हे दोन टक्के कोणाचे?"

"बँकेचे," सराफ म्हणाला. "मी कुठून देऊ? माझी घडणावळच तेवढी."

दादाने फोनवरून सांगितले की बारा हजार तो सोसेल, तरीही त्याला परवडते. आणि हिशेबाने ते खरेच होते : वीस हजार पॉइंट बिझनेस क्लासला लावले तर त्यांची किंमत चाळीस हजार. पण अप्पांनी कार्ड खिशात ठेवले आणि बँकेतून रक्कम सराफाच्या खात्यावर पाठवली. (दोन लाख किंवा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, हे मी त्यांना तेथल्या तेथे सांगितले, तेव्हा शिक्षणाचा एवढा तरी उपयोग झाला.) दादा थोडा नाराज झाला. "अप्पांनी एका तिकिटाचा तिसरा हिस्सा घालवला," असे तो अजून म्हणतो.

वास्तविक त्या सराफाने नियम मोडला. कार्ड घेणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून असा वेगळा आकार घ्यायचा नाही, असे बँकांचे करारच असतात. पण मला वाटते की त्या दिवशी उदगीरला जे उघड दिसले ते पुण्या-मुंबईच्या झगझगीत दुकानांत झाकलेले असते, एवढाच फरक. तेथेही दुकानदार बँकेला वटाव देतोच. तो ते आपल्या खिशातून देत नाही, मालाच्या किमतीत धरतो. किंमत सर्वांना एकच. कार्डवाल्याला त्यातील काही भाग पॉइंटांच्या रूपाने परत मिळतो. रोख देणारा, साधे यूपीआय करणारा, म्हणजे आपल्यातले बहुतेक, तेवढीच किंमत देतात आणि हात हलवीत घरी येतात. २०१० मध्ये बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेपुरता हा हिशेब मांडला होता : रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्या कुटुंबांना देते, आणि कार्डवाल्या कुटुंबाला सरासरी १,१३३ डॉलर मिळतात. देणाऱ्याला आपण दिल्याचे कळत नाही, आणि घेणारा आपण हुशारीने कमावले असे समजतो.

आमच्या दुकानातही हे येऊन पोहोचले आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. लहान दुकानदाराला दोन हजारांपर्यंत त्याचा भुर्दंड नाही, पण पुढे आहे. एका गिऱ्हाइकाने महिन्याचा चार हजारांचा बाजार असा भरला आणि अप्पांच्या खात्यात सत्तर-ऐंशी रुपये कमी आले. त्या मालात त्यांना सुटणार होते दोन-अडीचशे. अप्पा दोन दिवस माझ्यामागे लागले होते की मीच काही बटण चुकीचे दाबले.

पण सराफाच्या बारा हजारांतून चाळीस हजारांचे सुख कसे निघते? काही अंशी विमान कंपनी बँकेला मैल स्वस्तात विकते म्हणून. दुसरा भाग मात्र मला अधिक बोचतो. तो येतो बिल वेळेवर न भरणाऱ्यांकडून. समजा, पन्नास हजार थकले आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. व्याज १,७५०, त्यावर अठरा टक्के जीएसटी ३१५, मिळून २,०६५. 'किमान देय' पाच टक्के म्हणजे २,५०० भरले तर मुद्दल फिटते ४३५ रुपयांचे. आईच्या स्वसहाय संघात शेकडा दोनने कर्ज घेतले तरी बायका कुरकुरतात. येथे साडेतीनला कोणी हूं की चूं करीत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज म्हणजे अनुचित व्यापार असे ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. आपल्या कॉलेजातून नुकतेच बंगळूरला नोकरीस गेलेले आमचे मित्र कार्ड घेतात ते दादासारखे विमान पाहून, आणि त्यांतील काही जण दादाच्या विमानात इंधन भरीत राहतात.

आणखी एक गोष्ट पणजोबांच्या वहीवरून सुचली. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालत असे आणि इंग्रजी मुलखाचा रुपया म्हणजे कलदार. सात हालीला सहा कलदार, असा भाव. पणजोबा सोलापूरकडून माल आणीत, म्हणून त्यांच्या वहीत दोन्हींची वेगळी सदरे आहेत. पॉइंट हेही असेच एका खासगी संस्थानाचे नाणे आहे, असे मला वाटते. फरक एवढाच की निजामाचा भाव सर्वांना ठाऊक होता, येथे नाणे पाडणाराच एके दिवशी पत्रक काढून भाव उतरवतो. काल साठ हजारांत मिळणारी जागा आज ऐंशी हजारांत. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, तेव्हा लोकांचे साठवलेले मैल कागदावरच राहिले. उलट कंपन्यांना या नाण्याची किंमत पक्की कळते : करोनाच्या काळात, २०२० मध्ये, अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने आपली मैलांची योजना तारण ठेवून ९०० कोटी डॉलर उभे केले.

तर मग करावे काय? दादाने पॉइंट घेऊ नयेत, असे मी म्हणत नाही. त्याने सोडले तर ते अप्पांना परत मिळणार नाहीत. माझे म्हणणे रिझर्व्ह बँकेशी आहे. डेबिट कार्डाच्या वटावाला तिने २०१८ पासून मर्यादा घातली : लहान दुकानदाराला ०.४० टक्के, मोठ्याला ०.९०. यूपीआय आणि रुपे डेबिटवर २०२० पासून तो शून्य आहे. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. युरोपात २०१५ मध्ये दुकानदाराकडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाणाऱ्या आकारावर क्रेडिट कार्डासाठी ०.३० टक्क्यांची मर्यादा आली. ती आपल्याकडे का येऊ नये? आमच्या सरांचा आक्षेप असा की मग बँका पॉइंट आखडतील आणि काकूसारख्यांचे सुख जाईल. आखडतील, हे खरे. पण गुडघे दुखणाऱ्या किती काकू या देशात आहेत, आणि त्यांतील किती जणींचा मुलगा पुण्याला असतो? बाकीच्या काकू कमलनगरच्या दुकानात तेलाची पिशवी घेतात, एवढाच त्यांचा या व्यवहाराशी संबंध. दुकानदाराला दोन भाव उघडपणे लावू द्यावेत, हाही एक मार्ग आहे. मग उदगीरच्या सराफाप्रमाणे प्रत्येकाला निदान आकडा दिसेल.

फुकटला कन्नडमध्ये 'पुक्कटे' म्हणतात. या अंकाच्या कन्नड विभागातील माझ्या मित्राला मी विचारले की दोहोंतला मूळ शब्द कोणाचा. तो म्हणाला, "आमचा असला तरी तुम्ही पैसे न देता नेला आहे."

बहिणीचे लग्न चांगले झाले. काकू पुण्याहून रात्रीच्या बसने आली, दोन जागांवर पाय लांब करून. दादाने दुसऱ्या जागेचे तिकीट रोखीने काढले होते. जाताना त्याने मला मुदत ठेवीवर मिळणाऱ्या कार्डाचा अर्ज दिला; वीस हजारांच्या ठेवीवर मिळते म्हणे, आणि पहिल्याच महिन्यात दोन हजार पॉइंट. अर्ज माझ्या कॉस्टिंगच्या पुस्तकात आहे. अप्पांनी तो पाहिला आहे, पण अजून काही विचारलेले नाही.