खड्ड्यानंतरची खडखड
मुंबई-गोवा हायवेवर चाक खड्ड्यात दाणकन आदळतं, गाडी कुरकुरायला लागते आणि आपण काय करतो? गाण्यांचा आवाज वाढवतो! त्यापेक्षा काच खाली घ्या, ऐका. छोट्या गचक्यांवर खडखड होतेय? आधी लिंक रॉड, बॉल जॉइंट तपासायला सांगा. वेग वाढेल तशी घरघर वाढली, तर संशय बेअरिंगवर. गॅरेजवाल्याला नुसतं ‘आवाज येतो’ म्हणालात, तर अख्ख्या सस्पेन्शनचं बिल हातात पडू शकतं. कधी येतो, कुठल्या बाजूने येतो तेही सांगा. पण सगळ्यात घातक दुखणं आवाजच करत नाही. खाली उतरून टायरची बाजू बघा. तिथे फुगा आला असेल, तर आतले धागे तुटलेत; टायर कधीही फुटेल. स्टेपनी लावूनच पुढे निघा, पंक्चरवाला ‘चालेल अजून’ म्हणाला तरी.