तारा कोणी शिवला?



आमच्या बालवाचनालयात दर शनिवारी गोष्टीचा तास असतो. वस्तीतली पंधरा-वीस मुलं येतात, बहुतेक सहा ते दहा वर्षांची. गेल्या महिन्यात मी हिटलरच्या काळातल्या एका ज्यू मुलाचं सचित्र पुस्तक घेऊन बसले होते. पुस्तक इंग्रजी, म्हणून चित्रं दाखवत मराठीतून सांगत होते. एका पानावर शाळेला निघालेला तो मुलगा होता आणि त्याच्या कोटावर पिवळा तारा. पुढच्या रांगेतल्या सात वर्षांच्या मुलीनं विचारलं, "ताई, हा तारा शिवला कोणी?"

मी अडखळले. तारा कोणी लादला, का लादला, याची तयारी करून गेले होते. टाके कोणी घातले, हा प्रश्न समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन इतकी वर्षं मुलांत काम करणाऱ्या मला सुचलाच नव्हता. उत्तर तर साधं. बहुतेक घरांत आईनंच. १९ सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीत सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यू व्यक्तीला तो तारा कपड्यावर शिवूनच लावावा लागे. जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये जून १९४२ मध्ये हीच सक्ती आली, तेव्हा ताऱ्याच्या कापडासाठी त्याच कुटुंबाच्या कापड-रेशनमधून पॉइंट कापला जाई. म्हणजे जुलूम सरकारचा, कापड घरचं आणि सुईदोरा आईचा.

"तिनं शिवला नसता तर?" मुलीचा पुढचा प्रश्न.

"तर पोलिसांनी पकडलं असतं."

ती थोडा वेळ चित्राकडे बघत राहिली. "मग तिनं चांगला घट्ट शिवला असेल," म्हणाली.

त्या संध्याकाळी आमच्यात चांगलाच वाद झाला. गटातली एक ज्येष्ठ मैत्रीण चिडून म्हणाली, "इतक्या लहान मुलांना साठ लाख माणसांच्या कत्तलीची गोष्ट कशाला? यांच्या वाट्याला रोज काय कमी येतं?" तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृतिसंग्रहालयाचंही मत असंच आहे, की हा विषय सहावीपासून पुढे शिकवावा. उलट इस्राएलमध्ये २०१४ पासून बालवाडीपासूनच त्याची सुरुवात करायचं ठरलं. कोणी म्हणेल, तिथं सहा वर्षांचं मूल तारा लावण्याएवढं मोठं धरलं गेलं, मग इथल्या सहा वर्षांच्या मुलानं निदान ऐकावं तरी. हा युक्तिवाद टाळ्या घेणारा आहे, पण मला पुरेसा वाटत नाही. एका मुलाचं दुःख दुसऱ्याला घाबरवण्याचा परवाना होऊ शकत नाही.

मला वाटतं, प्रश्न गोष्ट कुठून सुरू करायची याचा आहे. आपण मोठी माणसं शेवटापासून सुरुवात करतो. काटेरी तार, हाडांचे सापळे, गॅस. मुलाच्या हाती यातलं काहीच लागत नाही, फक्त रात्री झोप उडते. पण बागेतल्या बाकावर बसायला बंदी झाली, शाळेतून काढलं, शेजारची मैत्रीण ओळख दाखवेना, हे सात वर्षांच्या मुलाला पुरतं कळतं. कत्तलीची पहिली पायरी तीच होती. म्हणून मी लहानांना एकाच मुलाची गोष्ट सांगते, तीही वाचलेल्या मुलाची. छावणीतल्या मृत्यूची चित्रं दाखवत नाही. मात्र खोटं गोड करूनही सांगत नाही. कोणी विचारलं, तर बाकीची बहुतेक मुलं परत आली नाहीत, हे सांगते. पंधरा लाखांच्या आसपास मुलं त्यात गेली. रोबेर्तो इनोचेंतीच्या चित्रांचं 'रोझ ब्लांश' (१९८५) हे पुस्तक सुंदर आहे, पण त्यात तारेपलीकडच्या मुलांना खाऊ नेणारी मुलगी शेवटी मरते. ते मी अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवलं आहे.

मुळात अशा चित्रांची सुरुवात त्या बंदिवासातच झाली होती. चेकोस्लोव्हाकियातल्या तेरेझिनच्या वस्तीत कोंडलेला बेद्रिख फ्रिटा हा चित्रकार. २२ जानेवारी १९४४ ला त्याचा मुलगा टॉमी तीन वर्षांचा झाला, तेव्हा बापानं त्याला चित्रांचं पुस्तक काढून दिलं. उंच खिडकीतून बाहेर बघायला सुटकेसवर चढून उभा राहिलेला टॉमी त्यात आहे. पुढे टॉमीनं कधी न पाहिलेल्या गोष्टी आहेत, मोठा झाल्यावर तो कोण कोण होऊ शकेल तेही आहे. त्याच वर्षी फ्रिटा ऑशविट्झमध्ये मेला. टॉमीची आई योहाना तेरेझिनमध्येच गेली. टॉमी आणि पुस्तक दोन्ही वाचले. फ्रिटाचा चित्रकार मित्र लिओ हास आणि त्याच्या पत्नीनं मुलाला दत्तक घेतलं. त्या बापाला मुलापासून काय लपवायचं हा प्रश्न नव्हता, मूल सगळं बघतच होतं. त्याला दाखवायचं होतं ते भिंतीबाहेरचं जग.

आता या पुस्तकांबद्दलची माझी एक तक्रार. वॉर्साच्या इरेना सेंडलरवर मुलांसाठी बरीच सचित्र पुस्तकं निघाली आहेत. ती समाजकार्यकर्तीच होती, म्हणून मला जास्त जवळची. वस्तीतून ज्यू मुलं बाहेर काढायची, पोलिश घरांत किंवा ननांच्या मठांत ठेवायची, त्यांची खरी आणि नवी नावं पातळ कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहायची. त्या चिठ्ठ्या एका सहकारी बाईच्या बागेत बरणीत पुरल्या होत्या. मुलांना आपलं नाव परत मिळावं म्हणून. सुमारे अडीच हजार मुलं वाचली, असं सांगतात. चित्रात मात्र बहुधा एकटी इरेना दिसते, तेजोवलय घेऊन. प्रत्यक्षात ते पालिकेच्या समाजकल्याण खात्यातल्या बायकांचं जाळं होतं, आणि आपण एकट्या नव्हतो हे ती स्वतः जन्मभर सांगत राहिली. मूल जगेल याची हमी देता का, असं आया तिला विचारत आणि तिच्याकडे हमी नसे. तरी मूल हाती देणाऱ्या त्या आयांना कोणत्या पानावर जागा आहे?

यानुश कोरचाकच्या अनाथाश्रमाचंही तसंच. तिथल्या मुलांनी जुलै १९४२ मध्ये आपल्या रवींद्रनाथांचं 'डाकघर' केलं, ही हकीकत अनेकींना ठाऊक असेल. काही आठवड्यांनी ती जवळपास दोनशे मुलं ट्रेब्लिंकाला नेली गेली. कोरचाकबरोबर स्टेफानिया विल्चिन्स्काही गेली. तीस वर्षं तो आश्रम चालवणाऱ्या या बाईचं नाव मात्र कितीजणींनी ऐकलं आहे?

आणि न सांगण्याचा पर्याय आपल्याकडे उरलाय कुठे? मुलांना हिटलर आधीच भेटलेला असतो. कडक बापाला, मास्तरांना आपण सहज 'हिटलर' म्हणतो. घर शिस्तीत चालवणाऱ्या बाईला 'हिटलर दीदी' म्हणणारी हिंदी मालिका २०११ मध्ये आली आणि घरोघरी पाहिली गेली. २०१८ मध्ये तर आपल्याच देशातल्या एका प्रकाशनाच्या मुलांच्या पुस्तकावर तो गांधीजी आणि मंडेलांच्या रांगेत, थोर नेता म्हणून झळकला. परदेशातून ओरड झाली तेव्हा ते पुस्तक मागे घेतलं गेलं. ओरडायला आपण कुठे होतो?

तुमच्या गटांत कोणी मुलांना अशा गोष्टी सांगत असेल, तर अनुभव जरूर लिहा, फसलेलेही. मराठीत या वयासाठी फारसं काही नाही. कुणी भाषांतर करायला पुढे आली, तर आम्हाला हवीच आहे.

पुढच्या शनिवारी बरणीची गोष्ट आहे. वाद घालणारी मैत्रीण येणार आहे. "पोरं घाबरली तर मी तिथंच थांबवीन," असं बजावूनच. तिला मी पुढच्या रांगेत, त्या मुलीशेजारी बसवणार आहे.